रेताड जमीन ओळखायची कशी: खड्डा, थर आणि पाण्याची खूण

ठाणे जिल्ह्यातल्या उत्तनच्या एका वाडीत आम्ही एकाच सकाळी दोन खड्डे खणले. पहिला कुंपणालगतच्या उंचवट्यावर, दुसरा तिथून चाळीसेक पावलांवर, विहिरीच्या खालच्या अंगाला. मुठीत घेतली तर रेती दोन्हीकडे तीच. पहिल्या खड्ड्यात कमरेपर्यंत तपकिरी, सुटी, कोरडी रेती लागली, एकसारखी, मध्ये कुठे रेघसुद्धा नाही. दुसऱ्यात वर वीतभर काळपट माती, तिच्याखाली पिवळे-तांबडे डाग आणि गुडघाभर खोलीवर राखी, ओली, कुबट वासाची रेती. दोन्ही जागांच्या उंचीत फरक जेमतेम सव्वा मीटरचा. वाडीवाले काका काठावर उभे होते. म्हणाले, "श्रावणात इथे घागर बुडेल एवढं पाणी असतं. तुम्ही मे महिन्यात आलात म्हणून कोरडं दिसतंय."

त्यांचं हे एक वाक्य बाटलीत माती घोळवून काढलेल्या कुठल्याही टक्केवारीपेक्षा मोलाचं होतं. रेताड जमिनीचं वर्णन करताना बहुतेक जण कणांवर थांबतात: वाळू किती, पोयटा (वाळूहून बारीक, चिकणाहून जाड कण) किती, चिकण किती. ती निम्मी ओळख झाली. उरलेली ओळख पाणी किती खोलवर, किती दिवस उभं राहतं यावरून होते, आणि रेतीचे थर घडवतं ते हेच पाणी. मला हे महागात पडून कळलं. काही वर्षांपूर्वी एका स्नेह्याच्या सखल जागेतली माती मी फक्त हाताने चोळून पाहिली, "रेताड आहे, निचरा उत्तम" असं सांगितलं आणि त्यांनी तिथे चिकू लावले. दुसऱ्या पावसाळ्यात पानं पिवळी पडली, तिसऱ्यात झाडं गेली. उपटून पाहिलं तर सुमारे ३५ सेंटिमीटरच्या खाली मुळं काळी पडली होती आणि भोवतालची रेती राखी होती. त्या आधी मी तिथे खड्डा खणायला हवा होता.

आधी जागा कुठे शोधायची

ठाण्यात रेती सगळीकडे नाही. खाडीकाठ म्हणजे चिखल आणि खाजण, तिथली माती चिकट आणि खारट. येऊरच्या उतारावर मुरूम आणि तांबडी माती, तिच्याखाली बेसाल्टचा कातळ. नवी मुंबईत सोसायट्यांच्या आवारात जे सापडतं ते बहुधा भरावाचं असतं: मुरूम, डबर, वरून आणलेली लाल माती. भरावाचे थर ट्रकने केलेले असतात, त्यांत निसर्गाचा क्रम शोधू नका.

खरी रेताड जमीन पाहायची तर दोन ठिकाणं. एक, उत्तन-पाली पट्ट्यातली पुळण आणि तिच्यामागच्या वाड्या. नवी मुंबईकरांना उरणची किनारपट्टी जवळ पडते, जिल्हा रायगड असला तरी. दुसरं, उल्हास, काळू आणि भातसा या नद्यांच्या काठची मळई, म्हणजे पुराच्या गाळाची जमीन. या नद्यांनी आणि खाडीने किती रेती वाहून आणली हे मुंब्र्याच्या रेतीबंदर या नावातच आहे.

किनाऱ्यावर, कांदळवनात किंवा नदीपात्रात खणायला जाऊ नका. तिथे किनारा नियमन क्षेत्राचे आणि गौण खनिजाचे नियम लागतात. खाजगी वाडी निवडा, मालकाला भेटा, काय करणार आहात ते सांगा आणि खड्डा जसा होता तसा बुजवून देण्याचा शब्द द्या. जाताना त्यांच्याकडून तीन गोष्टी विचारून घ्या: विहिरीला पावसाळ्यात पाणी कुठवर येतं, गोडं की मचूळ, आणि वाडीत कुठलं झाड कधीच जगलं नाही.

एक खड्डा पुरत नाही

उंचवटा, मधला उतार आणि सखल भाग अशा एका सरळ रेषेत किमान तीन जागा घ्या. १९३० च्या दशकात पूर्व आफ्रिकेत काम करणाऱ्या जेफ्री मिल्न यांनी या रेषेवरच्या मातीच्या साखळीला 'कॅटेना' हे नाव दिलं. टेकडीच्या माथ्यापासून दरीपर्यंत मूळ खडक एकच असला तरी माती बदलत जाते आणि त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो, हे त्यांनी दाखवलं. पुळणीमागे टेकडी लागत नाही. इथे मीटरभराच्या उंचीनेही साखळी पूर्ण होते.

उंची मोजायला पारदर्शक प्लॅस्टिकची पाण्याची नळी घ्या, गवंडी लेव्हल धरायला वापरतात तीच. दोन टोकांच्या पाण्यातला फरक टेपने मोजून लिहा. डोळ्याला सपाट दिसणारी वाडी अशा मोजणीत सपाट राहत नाही.

खड्डा आणि सुरक्षितता

फावडं, घमेलं, खुरपं, स्टीलची टेप, फवाऱ्याची बाटली, दहापट मोठं दाखवणारं भिंग, एक लोहचुंबक, लिंबू आणि वही. एवढ्यात काम होतं.

रेतीचा खड्डा ढासळतो आणि ढासळताना आवाज करत नाही. एक घनमीटर रेतीचं वजन दीड टनाहून जास्त भरतं. मांडीपर्यंत दबलेल्या माणसाला एकट्याने बाहेर काढता येत नाही. म्हणून खड्डा मीटरभरापेक्षा खोल नेऊ नका, तीन बाजू उताराच्या ठेवा आणि एकच बाजू उभी ठेवा, ज्यावर सकाळचं ऊन पडेल. काढलेली माती काठापासून दोन हात लांब टाका. एकट्याने खणू नका, मुलांना काठावर येऊ देऊ नका.

मीटरभराच्या खाली पाहायचं असेल तर खड्ड्याच्या तळातून हातबरमा फिरवा. पाणी लागलं की बरम्यातली रेती वरच्या वर निसटते. तिथे चार इंची पीव्हीसी पाइप आत दाबत न्या आणि पाइपच्या आतून रेती काढा. भोक टिकतं.

उभी बाजू खुरप्याने वरून खाली खरवडून ताजी करा. फावड्याने घासलेली रेती गुळगुळीत दिसते आणि थरांच्या सीमा पुसून टाकते. मग टेप लटकवा, शून्य जमिनीच्या पृष्ठभागावर, आणि फोटो काढा. मोजमाप फोटोनंतर. हात लागला की कडा बिघडतात.

थर वाचणं

मृदाशास्त्रात थरांना अक्षरं देतात. वरचा काळसर, पालापाचोळा मिसळलेला थर 'ए'. धुऊन फिका झालेला 'ई'. वरून आलेलं लोह, चिकण किंवा सेंद्रिय द्रव्य जिथे साठतं किंवा ज्याचा रंग-बांधणी मुळापेक्षा बदललेली दिसते तो 'बी'. जवळपास मूळ अवस्थेतली रेती 'सी', आणि कातळ 'आर'. कोवळ्या रेतीत बऱ्याचदा 'ए'खाली थेट 'सी' येतो. 'बी' दिसला नाही म्हणून ओढूनताणून लिहू नका.

प्रत्येक थराची वरची आणि खालची खोली, सीमा धारदार आहे की हळूहळू मिसळणारी, मुळं किती आणि कशी, हे लिहा. मुळं जिथे आडवी वळतात ती खोली आवर्जून नोंदवा. झाडाने तिथे पाणी किंवा घट्ट थर आधीच शोधलेला असतो.

नदीकाठच्या मळईत वेगळं चित्र दिसतं. तिथे पट्टे असतात: जाड रेती, तिच्यावर बारीक, वर पातळ गाळाची साय, आणि पुन्हा जाड. पुराचं पाणी ओसरताना आधी जड कण टाकतं, मग हलके. २६ जुलै २००५ चा पूर उल्हास खोऱ्यातल्या लोकांच्या पक्का लक्षात आहे. २७ जुलै २०१९ ला वांगणी-बदलापूर दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली तोही याच नदीचा पूर. पुरामागून पूर येतो आणि गाळ टाकून जातो. म्हणून मळईत सेंद्रिय द्रव्य वरून खाली सरळ कमी होत जात नाही, मध्येच एखादा जुना, गाडला गेलेला काळा पट्टा सापडतो. तो पट्टा म्हणजे कधीकाळची जमीन.

पोत हाताने

०.०५ ते २ मिलिमीटर व्यासाचा कण तो वाळूचा. त्यातही ०.५ च्या वर जाड, ०.२५ ते ०.५ मध्यम, ०.१ ते ०.२५ बारीक आणि त्याखाली अतिबारीक. हा भेद निचऱ्यासाठी महत्त्वाचा आहे. जाड रेतीत पाणी केशाकर्षणाने चार-पाच बोटं वर चढतं, बारीक रेतीत हातभर आणि कधी त्याहून जास्त. दोन्ही 'वाळू'च, पण पाण्याच्या पातळीपासून मुळांना मिळणारी ओल अगदी निराळी.

ढोबळ पोत हातावर ठरतो. मूठभर माती ओली करून दाबा. आकार घेतला, पण बोट लावताच मोडला, तर ती निव्वळ रेती. गोळा सांभाळून या हातातून त्या हातात देता आला आणि बोटांना मळकट डाग राहिला, पण पट्टी मुळीच निघाली नाही, तर पोयटामिश्रित रेती. गोळा टिकला आणि अंगठ्याने पुढे सरकवताना अडीच सेंटिमीटरच्या आत तुटणारी पट्टी निघाली, तर रेताड पोयटा (इथे पोयटा म्हणजे तिन्ही कण मिसळलेली माती). निव्वळ रेतीत वाळूचं प्रमाण ८५ टक्के किंवा त्याहून अधिक असतं. पडताळा हवा तर बरणीत माती, पाणी आणि चिमूटभर भांड्यांचा साबण घालून हलवा. वाळू मिनिटाभरात तळाला बसते, पोयट्याला दोनेक तास लागतात, चिकण दुसऱ्या दिवशीही गढूळपणा धरून राहते.

आता इथल्या रेतीकडे भिंगातून पाहा. ठाण्याच्या किनाऱ्यावरची रेती पांढरी नाही, कारण ती मुख्यतः बेसाल्टच्या मुलखातून आलेली आहे. काळे, हिरवट, तपकिरी कण, मध्ये शिंपल्यांचे पांढरे तुकडे. लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कोरड्या रेतीवरून फिरवा. पिशवीला काळ्या कणांची मिशी लागते, ते लोहाचं खनिज. पिशवी उलटी केली की कण कागदावर पडतात आणि चुंबक स्वच्छ राहतं. शिंपल्याच्या तुकड्यांवर लिंबू पिळा. भिंगाखाली बारीक बुडबुडे दिसले की चुना आहे. या दोन साध्या खुणा पुढे रंग वाचताना उपयोगी पडतील.

रंग: इथे घाई करू नका

माझ्या मते सगळ्या वर्णनात हा भाग सर्वांत मोलाचा आणि हाच सर्वांत जास्त चुकतो.

हवेशीर रेतीत लोह गंजलेल्या रूपात कणांवर बसतं. प्रत्येक कणाला हळद-काव फासल्यासारखा थर चढतो, म्हणून रेती तपकिरी, पिवळी, तांबूस दिसते. पाणी भरलं की हवा संपते. जिवाणू आधी उरलासुरला ऑक्सिजन वापरतात, मग श्वसनासाठी याच लोहाकडे वळतात. त्यांना खायला सेंद्रिय द्रव्य लागतं, म्हणून हा बदल काळ्या थराजवळ आणि कुजणाऱ्या मुळांभोवती लवकर होतो. लोह विरघळतं, पाण्याबरोबर हलतं आणि कण उघडे पडतात. हाच तो राखी रंग. जिथे हवा पुन्हा शिरते, जुन्या मुळाच्या नळीभोवती किंवा पाण्याच्या वरच्या काठावर, तिथे लोह पुन्हा गंजतं आणि तांबडे-नारिंगी डाग उमटतात. राखी आणि तांबडा शेजारी-शेजारी दिसले, की त्या खोलीवर पाणी चढतं-उतरतं असं समजा.

रंग नेहमी ओल्या मातीचा पाहा. फवारा मारा, पाणी मुरू द्या, चकाकी गेली की सावली न पाडता दिवसाच्या उजेडात बघा. मातीचा रंग जुळवून पाहायची मन्सेलची रंगपुस्तिका मिळाली तर उत्तम. तिच्यात रंगछटा, उजळपणा आणि भडकपणा असे तीन आकडे असतात. '१० वायआर ५/२' मध्ये '१० वायआर' ही रंगछटा, ५ उजळपणा आणि शेवटचा २ म्हणजे भडकपणा. उजळपणा ४ किंवा जास्त आणि भडकपणा २ किंवा कमी असलेले फिके राखी डाग पाणथळपणाची खूण मानतात. पुस्तिका महाग असते. नसेल तर चुलीतली राख, पिकलेला चिकू, गंजलेला खिळा अशा रोजच्या वस्तूंशी तुलना लिहा, पण तीन खड्ड्यांत तुलना एकच ठेवा.

आता इथला सापळा. पुस्तकांतले नियम बऱ्याच अंशी फिक्या, गारगोटीच्या रेतीवर बेतलेले आहेत. आपल्या बेसाल्टच्या रेतीचा कणच मुळात काळपट करडा असतो, त्यामुळे कोरडी, खणखणीत निचऱ्याची पुळणसुद्धा राखी दिसते. तेव्हा नुसत्या रंगावर निवाडा देऊ नका. चिमूटभर रेती भिंगाखाली धरा. करड्या कणांच्या खाचांत तपकिरी साय आहे का ते पाहा. असेल तर तो थर बहुधा हवेशीर आहे. कण धुतल्यासारखे उघडे, शेजारी गंजाचे डाग आणि मुळांभोवती नारिंगी नळ्या असतील तर पाणी. डागांशिवाय करडं दिसलं तर मी 'संशयित' एवढंच लिहितो.

खाडीच्या किंवा समुद्राच्या खाऱ्या पाण्याचा संबंध असेल तर नाकही कामाला लावा. खाऱ्या पाण्यातल्या सल्फेटपासून बिनहवेत सडक्या अंड्याचा वास देणारा वायू तयार होतो आणि लोहाशी जुळून रेती शाईसारखी काळी करतो. असा ढेकूळ काढून उन्हात ठेवा. थोड्या वेळात त्याच्या वरची काळी शाई उडून तपकिरी होऊ लागते. पालापाचोळ्याने आलेला काळेपणा असा उडत नाही.

खोलीवरून निचऱ्याचा वर्ग

पाणथळपणाच्या खुणा, म्हणजे फिके राखी डाग, पहिल्यांदा किती खोलीवर दिसतात ते टेपवर पाहा. मीटरभरात खुणाच नाहीत: चांगला निचरा, आणि जाड रेती असेल तर अति निचरा. ५० ते १०० सेंटिमीटरमध्ये सुरू होतात: मध्यम. २५ ते ५० मध्ये: काहीसा अपुरा. २५ च्या आत: अपुरा. पृष्ठभागावरच पाणी आणि जाड काळा, कुजका थर: अतिशय अपुरा. या ठोकळ सीमा आहेत, पण शेजारच्या दोन खड्ड्यांची तुलना करायला पुरतात.

'चांगला निचरा' वाचून लगेच हुरळून जाऊ नका. रेतीच्या मीटरभर थरात झाडाला उपयोगी पडेल असं पाणी साधारण ५ ते ८ सेंटिमीटर मावतं, पोयट्याच्या मातीत त्याच्या दुप्पट-अडीचपट. ठाण्यात पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी उंचवट्यावरची वाडी नोव्हेंबरात पाणी मागते ते यामुळेच.

नळीची साक्ष

खड्डा एका दिवसाचं सांगतो. वर्षाचं सांगायला पीव्हीसीची एक नळी पुरते. दीड-दोन मीटरचा दीड इंची पाइप घ्या, खालच्या मीटरभराला बारीक भोकं पाडा, बाहेरून जुन्या सुती कापडाचा वेढा द्या, बरम्याच्या भोकात उभा करा, भोवती जाड रेती भरा आणि वरचा वीतभर भाग चिकणमातीने गच्च दाबा, नाहीतर पावसाचं पाणी पाइपच्या बाजूने थेट खाली उतरेल. वर टोपण लावा. जून ते ऑक्टोबर दर रविवारी लाकडी पट्टी आत सोडून ओल कुठे लागते ते लिहा. समुद्राजवळ असाल तर भरती-ओहोटीची वेळही लिहा, कारण किनाऱ्याजवळच्या रेतीतली पातळी भरतीबरोबर हलते. रंगाने ठरवलेली खोली आणि नळीतली पातळी जुळली, की तुमच्या वर्णनावर विसंबता येतं.

पांढरा थर आपल्याकडे का नाही

परदेशी पुस्तकांत रेतीच्या खड्ड्याचं जे देखणं चित्र असतं, वर काळा, मध्ये राखेसारखा पांढरा, खाली कॉफीसारखा थर, त्याला पॉडझॉल म्हणतात. अमेरिकेतल्या फ्लोरिडाची राज्यमाती मायाक्का ही याच जातीतली. तिथल्या सखल, सपाट भागात पाणी पावसाळ्यात वर येतं आणि कोरड्या ऋतूत खाली जातं. गारगोटीच्या रेतीत लोह अगदी थोडं, चुना नाही. पाल्यापाचोळ्याची आम्लं कण धुऊन पांढरे करतात आणि अॅल्युमिनियमसह खाली जाऊन काळा थर बांधतात. त्याच राज्यात उंचवट्यांवर कँडलर नावाची माती आहे: दोन मीटरपर्यंत पिवळी रेती, अतिशय वेगाचा निचरा, खोलवर चिकणाच्या काही मिलिमीटर जाडीच्या रेघा. कच्ची रेती दोन्हीकडे गारगोटीचीच, पण पाण्याची खोली निराळी आणि त्यामुळे चेहरेही निराळे.

आपल्याकडे बेसाल्टच्या कणांतून लोह सुटत राहतं आणि शिंपल्यांचा चुना आम्लं मारतो. म्हणून इथे पांढरा थर शोधत बसू नका. दिसलाच तर तो बहुतेक वेळा शिंपल्यांच्या चुऱ्याचा पट्टा असतो, लिंबू टाकून खात्री करा.

जाडावर बारीक: कुंडीवाल्यांसाठीही

खड्ड्यात बारीक रेतीखाली जाड रेतीचा पट्टा आला तर पाणी पटकन खाली जाईल असं वाटतं. होतं उलटं. बारीक रेतीची लहान छिद्रं पाणी धरून ठेवतात आणि वरचा थर जवळजवळ भरेपर्यंत ते जाड थरात उतरत नाही. म्हणून अशा सीमेच्या वर ओल आणि कधी गंजाचे डाग सापडतात, पाण्याची खरी पातळी मात्र खूप खाली असते. 'टांगलेलं पाणी' असं लिहून ठेवा. गच्चीवरच्या कुंड्यांत तळाला खडी घालायची पद्धत याच कारणाने फसते: खडीमुळे ओला पट्टा जात नाही, फक्त वर सरकतो आणि मुळांची जागा खातो. तळाला भोक आणि त्यावर जाळीचा तुकडा एवढं पुरे.

नोंद कशी दिसावी

उत्तनच्या दुसऱ्या खड्ड्याची माझ्या वहीतली नोंद अशी आहे:

"मे, सकाळी, ओहोटी. सखल भाग, नारळ-सुपारी. ० ते २० सेंमी: काळपट तपकिरी, पोयटामिश्रित बारीक रेती, बारीक मुळं भरपूर, सीमा लाटेसारखी. २० ते ४५: पिवळट तपकिरी बारीक रेती, गंजलेल्या खिळ्याच्या रंगाचे डाग, मुळांभोवती नारिंगी नळ्या, ३५ पासून राखी डाग, सुपारीची मुळं ४० वर आडवी. ४५ ते ९०: राखी मध्यम रेती, कण भिंगाखाली उघडे, शिंपले, लिंबाला बुडबुडे, कुबट वास. ८५ ला पाणी, चवीला गोडं. निचरा: काहीसा अपुरा. काकांच्या म्हणण्यानुसार श्रावणात पाणी वर."

अशा जागी चिकू-आंबा लावायचाच असेल तर मातीचा दोन-अडीच फूट उंच गादीवाफा करून त्यावर लावा, नाहीतर ती जागा अळू, सुपारी यांना द्या. उंचवट्यावरच्या रेतीत खड्डा भरताना शेणखत आणि पोयटा मिसळा, पाणी थोडं पण वरचेवर द्या. एका दमात दिलेलं पाणी आणि त्यातलं खत मुळांच्या हाताबाहेर जातं.

काम झालं की खड्डा बुजवा, ज्या क्रमाने काढलं त्याच्या उलट क्रमाने: राखी रेती तळाला, डागांची तिच्यावर, काळी माती सगळ्यात वर. प्रत्येक फुटाला पायाने दाबा आणि वर चार बोटं उंचवटा ठेवा. पहिल्या पावसात तो बसतो.